ट्रॅक्टर, ट्रेलर आणि रस्त्याचा कायदा : सवलत कुठून आली, कुठे संपते



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. नाक्यावर ट्रॅक्टर-ट्रेलर अडवला, कागद मागितले, काट्यावर न्यायला लावला आणि दंडाची पावती हातात दिली. मग शेतकरी विचारतो, ‘साहेब, शेतीच्या वाहनाला सवलत आहे ना? मग आम्हाला अडवायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. सवलत आहे, हेही खरे. पण ती कोणत्या कामापुरती आहे, कधी मिळाली आणि कुठल्या वळणावर ती आपली साथ सोडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दंडाचे एक वेळ सोडा, दंड भरून माणूस मोकळा होतो. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईपायी रान विकायची पाळी येते. म्हणून या पत्रिकेत बी-बियाणे आणि खताच्या मात्रा जरा बाजूला ठेवू आणि रस्त्याच्या कायद्याचा इतिहास पाहू. इतिहास कळला की नाक्यावर काय बोलावे आणि काय बोलू नये, हे आपोआप कळते.

पाठीवरची गोणी, मग गाडी

घाटावरचा माल पूर्वी कोकणात उतरायचा तो बैलांच्या पाठीवरून. वंजारी-लमाणांचे तांडे गोण्या लादून घाट उतरत आणि येताना मीठ घेऊन वर चढत. भरलेली गाडी सुखरूप उतरेल असा रस्ता बोरघाटात नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याकडची बैलगाडी पनवेल बंदरापर्यंत जाऊ लागली. शेतमालाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. पाठीवर बैल जेवढे वाहतो त्याच्या कितीतरी पट तो गाडीला जुंपल्यावर ओढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या काळी वाटेवर मालाला ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. मुंबई इलाख्यातली ही वाटेवरची जकात १८३८ च्या कायद्याने उठली. पण नाका काही उठला नाही. रस्ता आणि पूल बांधायचा, राखायचा तर पैसा हवा, म्हणून १८७५ साली मुंबई इलाख्यात रस्ते व पुलांवरच्या टोलचा कायदा झाला. म्हणजे ‘रस्ता वापरतो त्याने रस्त्यासाठी द्यावे’ हा विचार मोटारीच्या आधीचा, बैलगाडीच्या जमान्यातला आहे.

त्या गाडीच्या चाकावर लोखंडी धाव असे. तापवून चढवलेली, दोन-तीन बोटे रुंद. गाडीचे सगळे वजन त्या अरुंद पट्टीवर. खडीच्या रस्त्यावर धाव रोज त्याच चाकोरीतून गेली की खडी फुटे आणि पावसाळ्यात चाकोरीचा ओहोळ होई. पुढे मोटार आली तेव्हा उलटा प्रकार झाला. तिचे रबरी चाक खडी फोडत नाही, पण वेगाने जाताना खडीमधला मुरूम शोषून धुळीच्या रूपात उडवून देते, आणि मग खडी सुटी होते. रस्ता नेमका कुणी खराब केला, गाडीवाल्याने की मोटारवाल्याने, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आज त्या वादात मोटारवाल्याच्या जागी चारचाकीवाला आहे आणि गाडीवाल्याच्या जागी ट्रेलरवाला, इतकाच फरक.

मोटारीचे कायदे, रेल्वेची काळजी

सगळ्या हिंदुस्थानला लागू होणारा पहिला मोटार कायदा १९१४ चा. अवघी अठरा कलमे. गाडीची नोंदणी करा, चालवणाऱ्याने परवाना घ्या, बेफाम हाकू नका, एवढाच त्याचा मतलब. रस्त्यावर मोटारी मोजक्या होत्या, तेव्हा तेवढ्याने भागले.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या आणि रस्ते त्यांना पुरेनात. म्हणून सरकारने १९२७ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅ. मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून पुढे ज्यांचे नाव झाले, तेच हे. जयकर समितीने १९२८ साली अहवाल दिला. रस्ते ही जिल्हा बोर्डाच्या आणि प्रांताच्या आवाक्याबाहेरची गोष्ट झाली आहे, तिचा भार देशाने उचलला पाहिजे, असे तिने सांगितले. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर सुचवला. त्यातून १९२९ साली केंद्राचा रस्ते निधी सुरू झाला. आज तुम्ही ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरता तेव्हा त्या किमतीतही रस्त्यासाठीचा उपकर असतो. त्याचे मूळ हे असे जयकरांच्या अहवालात आहे.

यानंतरची गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण ‘परमिट’ हा शब्द इथे जन्मतो. १९३० च्या दशकात लॉरीवाल्यांनी रेल्वेचे गिऱ्हाईक पळवायला सुरुवात केली. कापूस, गूळ, भुसार माल दारातून उचलायचा आणि थेट पेठेत टाकायचा. रेल्वेला हे कसे जमणार? मंदीचा काळ, त्यात रेल्वेचे उत्पन्न घसरलेले. सरकारने मिचेल आणि कर्कनेस या दोघा अधिकाऱ्यांकडून रेल्वे-रस्ता स्पर्धेची पाहणी करून घेतली. पुढे १९३७ साली वेजवुड समितीचा अहवाल आला. या सगळ्याचा परिपाक म्हणजे १९३९ चा मोटार वाहन कायदा. मालवाहू वाहनाने कुठल्या भागात माल वाहायचा यासाठी सरकारचे परमिट घ्यायचे, ही पद्धत त्याने पक्की केली. म्हणजे परमिट हे शेतकऱ्याला अडवण्यासाठी निघालेले नाही. तसे ते त्याच्या भल्यासाठीही निघालेले नाही. मुख्यत्वे भाड्याच्या लॉरीला वेसण घालून रेल्वे वाचवायची होती. ‘भाडे’ हा शब्द इथे कळीचा आहे. पुढे तो पुन्हा येणार आहे.

त्याच कायद्यात विम्याचे प्रकरण होते, पण ते लगेच लागू झाले नाही. १ जुलै १९४६ पासून ते अमलात आले. तेव्हापासून रस्त्यावर येणाऱ्या मोटार वाहनाला, तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाई देण्याचा विमा सक्तीचा झाला. रस्त्याने चालणारा गरीब माणूस गाडीखाली आला आणि गाडीमालक कफल्लक निघाला, तर त्या घराने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे, हा प्रश्न त्यामागे होता.

मधल्या काळात, १९४३ साली, नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. चांगल्या शेतीच्या भागातले कुठलेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावे, असे लक्ष्य तिने ठरवले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही आजची वर्गवारीसुद्धा तिथलीच.

नांगराचे यंत्र रस्त्यावर आले

या सगळ्या कायद्यांत ट्रॅक्टर कुठे होता? जवळपास कुठेच नाही. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या ट्रॅक्टर संघटनेने परदेशी यंत्रे लावून काँससारख्या तणाने व्यापलेल्या पडीक जमिनी मोडल्या, तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर पाहिला तो नांगर म्हणूनच. देशात ट्रॅक्टर बनू लागला तो १९५९ पासून, फरिदाबादला आयशर कंपनीचा. पुढे १९६० च्या दशकात मुंबईच्या कांदिवलीला महिंद्रांचा कारखाना उभा राहिला.

इकडे १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला आणि पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले. कारखान्याला ऊस रोज ताजा लागतो. तोडल्यावर तो जितका वाळेल तितका तुमचा आणि कारखान्याचा तोटा. सुरुवातीला हे ओझे बैलगाड्यांनीच उचलले. लोखंडी धावेच्या, मग रबरी चाकांच्या, ज्यांना आपण ‘डनलॉप’ म्हणतो. ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्याने मात्र दुसरा हिशेब केला. नांगरटीचे दिवस वर्षात मोजके, बँकेचा हप्ता मात्र चुकत नाही. मग उरलेल्या दिवसांत यंत्र दारात उभे का ठेवायचे? गावच्या वर्कशॉपात अँगल आणि पत्रा जोडून ट्रेलर तयार झाला, हुकाला अडकवला आणि नांगराचे यंत्र रस्त्यावर आले. यात शेतकऱ्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. कायदाच मागे पडला होता.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर म्हणजे असे वाहन, जे स्वतः माल वाहण्यासाठी बांधलेले नाही. ट्रेलर म्हणजे दुसऱ्या वाहनाने ओढायचे वाहन. ही दोन वेगळी वाहने आहेत, आणि ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्याला इंजिन नाही म्हणून तो मोटार वाहन नाही, असे आपल्याला वाटते, पण कायद्याला तसे वाटत नाही. म्हणूनच ट्रॅक्टरचे पासिंग झाले म्हणजे ट्रेलरचेही झाले असे होत नाही. ट्रेलरची नोंदणी वेगळी आणि विम्याच्या कागदावर त्याचा उल्लेखही वेगळा. गावोगाव फिरताना मी पाहतो, ट्रॅक्टरची फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते, आणि ट्रेलरच्या मागच्या फळीवर नंबरऐवजी देवाचे नाव असते. देव पाठीशी असावाच, पण नंबरही असू द्या.

१९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. सोबत केंद्राचे मोटार वाहन नियम आले. आपली सवलत या नियमांत आहे. तिथे ‘शेती ट्रॅक्टर’ची व्याख्या अशी केली आहे : शेतातल्या वेगवेगळ्या कामांसाठी अवजारे जोडून चालणारे आणि शेतीचा माल नेण्यासाठी ट्रेलर ओढणारे चार चाकी यंत्र. आणि व्याख्येच्या शेवटी एक छोटे वाक्य आहे, की शेती ट्रॅक्टर हे वाहतूक वाहन नाही. या एका वाक्यावर आपली बरीच मोकळीक उभी आहे. वाहतूक वाहन नाही, म्हणून मालट्रकासारखे परमिट नको, दरवेळच्या योग्यता तपासणीची यातायात नको.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हेच वाक्य काढून टाकण्याचा मसुदा केंद्राने प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांत त्यावर मोठी नाराजी उमटली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये हरियाणाचे तेव्हाचे खासदार दुष्यंत चौटाला तर ट्रॅक्टर चालवतच संसदेवर पोचले. शेवटी रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी शेती ट्रॅक्टर वाहतूक वाहनांत धरला जाणार नाही असे सांगितले आणि ते वाक्य जागेवर राहिले. सवलत कागदावरच्या एका ओळीची असते, आणि ती ओळ कुणी खोडायला निघू शकतो, हे त्यातून दिसले.

सवलत कुठे संपते

आता त्या व्याख्येतले शब्द पुन्हा वाचा. ‘शेतीचा माल’. वाळू नाही, विटा नाहीत, मुरूम नाही, सिमेंट नाही, आणि वऱ्हाड तर नाहीच नाही.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले एक प्रकरण आले. एका वाहतूक कंपनीचे म्हणणे होते की ट्रॅक्टर वेगळा, ट्रेलर वेगळा, यातले एकही मालवाहू वाहन नाही, तेव्हा परमिट कशाला? न्यायालयाने ते मानले नाही. दोन्ही जोडून माल वाहिला की ते जोडवाहन मालवाहू वाहन ठरते आणि त्याला परमिट लागते, असा निर्णय झाला. ते प्रकरण अवजड यंत्रे वाहणाऱ्या कंपनीचे होते, शेतकऱ्याचे नव्हते. पण त्यातला विचार आपल्यालाही लागू पडतो : वाहन कोणते यापेक्षा ते कशाला जुंपले आहे हे पाहिले जाते. १९३९ साली परमिटाच्या मुळाशी ‘भाडे’ होते, ते आजही तिथेच आहे. आपल्या शेतातला ऊस आपल्या ट्रेलरमध्ये घालून कारखान्यावर नेला, तर ते शेतीचे काम. हंगाम संपल्यावर तोच ट्रेलर ठेकेदाराच्या खडीला भाड्याने लावला, तर ते वाहतुकीचे काम. मग तशी नोंदणी, तसे परमिट आणि तसा विमा हवा. आणि कारखान्याशी करार करून हंगामभर दुसऱ्यांचा ऊस ओढणारे? माल शेतीचाच आहे, पण कामाचे पैसे मिळतात. उद्या काही झाले तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न यावरच विचारणार. करार करण्याआधी आर. टी. ओ. कचेरीत आणि विमा कचेरीत जाऊन कागद त्या कामासाठी करून घ्या. कारखान्याकडूनही ते लेखी मागा.

विम्याचा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण खरा धोका इथेच आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मजुराच्या अपघाताचा निकाल दिला. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता. त्याला जोडलेल्या ट्रॉलीचा विमाच नव्हता. ट्रॉलीत माती भरली होती, ती चालली होती वीटभट्टीला, आणि मजूर त्या ट्रॉलीवर होता. तो पडून जखमी झाला. न्यायालय म्हणाले, विमा कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब म्हणून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरला आणि कंपनीला आधी त्याचे पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. म्हणजे शेवटी बोजा आला तो ट्रॅक्टर मालकावरच. विम्याचा हप्ता त्याने भरला होता. कागद त्याच्याकडे होता. फक्त कागदावर लिहिलेले काम आणि प्रत्यक्ष काम एक नव्हते.

माणसे बसवण्याबाबतही असेच. डिसेंबर २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा विम्यात आला आहे. मग ट्रेलरमध्ये लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेली भावकी किंवा शाळेची मुले बसवली, तर काय झाले असते याचा हिशेब तुम्हीच करा. मडगार्डवर बसणाऱ्या पाहुण्याचेही तेच. ट्रॅक्टरला बैठक एकच असते, ती चालवणाऱ्याची. ‘अहो, गावातल्या गावात तर जातोय’ हे कोर्टात चालत नाही. ऊसतोडीची मंडळी बायकामुलांसह, बाडबिस्तऱ्यासह ट्रेलरवर बसून मैलोगणती येतात, तेव्हा त्यांच्या जिवाची जबाबदारी कुणी घेतलेली असते, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो. मुकादमाने ना कारखान्याने, अपघात होईपर्यंत तो कुणीच कुणाला विचारत नाही.

सगळे निकाल शेतकऱ्याच्या विरोधातच गेले असे मात्र समजू नका. चालवणाऱ्याकडे ट्रॅक्टरचा परवाना आहे, पण मागे ट्रेलर जोडला होता, म्हणून परवाना निरुपयोगी ठरतो, असे विमा कंपनीने एका प्रकरणात म्हणून पाहिले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ट्रेलर जोडल्याने ट्रॅक्टरचा परवाना बाद होत नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारा माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. लहान टेम्पोतून भाजी बाजारात नेणाऱ्यांना हा निकाल मोठा दिलासा आहे. ही मोकळीक परवाना असणाऱ्याला आहे, हे मात्र विसरू नका. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देऊन रस्त्यावर पाठवले, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, अशी तरतूद आहे. पोरगा हुशार आहे, ट्रॅक्टर झकास चालवतो, हे सगळे खरे असेल. शेतात चालवू द्या.

वजनाचा हिशेब

जास्त माल का भरू नये, याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगात आहे. इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दिवसरात्र फिरवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजले. निष्कर्ष असा निघाला, की कण्यावरचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते. सोप्या भाषेत, वजन वीस टक्के वाढले तर नुकसान दुप्पट होते. दीडपट वजन झाले तर नुकसान पाचपट. आपल्या गावचा रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो, याचे सगळे खापर ठेकेदारावर फोडण्याआधी हा हिशेब आठवावा. ठेकेदाराचा वाटा असतोच, तो मी नाकारत नाही.

ट्रकांच्या बाबतीत सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये कण्यावरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन कण्यांच्या ट्रकचे मालासह वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेले. ट्रेलरला मात्र नोंदणीपुस्तकात जे वजन लिहिले आहे तेच लागू. फळ्या लावून उंची वाढवली म्हणून क्षमता वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाला, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल जागेवर उतरवायचा. माल बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपये. महाराष्ट्रात तडजोडीच्या वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. आणि एक गंमत बघा. जादा वजनाचा सगळ्यात भक्कम पुरावा आपण स्वतःच तयार करतो : कारखान्याच्या काट्याची पावती. टनाच्या हिशेबाने बिल हवे म्हणून ती आपण जपून ठेवतो.

वजनाबाबत अधिकाऱ्याला अमर्याद अधिकार आहेत असेही नाही. जादा माल असल्याचा संशय येण्यास कारण असेल, तर तो वाहन काट्यावर न्यायला सांगू शकतो, पण काटा तुमच्या पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा तुमच्या मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. हे माहीत असलेला शेतकरी नाक्यावर आवाज न चढवता बोलू शकतो. कागदांचेही आता सोपे झाले आहे. २०१८ च्या अखेरीपासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले मोबाईलवरचे कागद ग्राह्य धरले जातात. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या टोल नियमांत ट्रॅक्टरला टोल माफ आहे, तेव्हा तिथे पावती फाडू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र ट्रॅक्टर नेताच येत नाही.

मागचा दिवा

पूर्वी रात्रीच्या वाटेवर बैलगाडीच्या साट्याखाली कंदील टांगलेला असे. मिणमिणता का असेना, लांबून हलताना दिसे. आजच्या ट्रेलरला तेवढेही पुष्कळदा नसते. वायर तुटलेली, काच फुटलेली आणि उसाच्या शेंड्यांनी मागची फळी झाकलेली.

नियम सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लागलेले हवेत, आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा उगाच नाही. ताशी साठ किलोमीटरने येणारा मोटारसायकलवाला १५५ मीटर अंतर नऊ सेकंदांत कापतो. त्याला ट्रेलर ओळखायला, वेग कमी करायला आणि बाजूने जायला वेळ मिळतो. दिवा नसेल आणि त्याच्या मंद प्रकाशझोतात ट्रेलर चाळीस मीटरवर दिसला, तर त्याच्या हातात अडीच सेकंदही राहत नाहीत. समोरून गाडी येत असेल, डोळे दिपले असतील, तर तेवढेही नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि कारखान्यावरच्या रांगेत नंबर लागतो तो रात्रीच. म्हणजे हंगामातली बरीच वाहतूक अंधारातच होते. मोटारसायकलवरून येणारा पोरगा बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

हंगामाच्या तोंडावर बरेच कारखाने आणि आर. टी. ओ. कचेऱ्या परावर्तक पट्ट्या लावून देतात. त्या लावून घ्या : मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या. पण पट्टी म्हणजे दिवा नव्हे. समोरच्याचा प्रकाश पडला तरच ती चमकते, आणि चिखल बसला की तेही नाही. दोन ट्रेलर जोडणाऱ्यांनी मागच्या ट्रेलरपर्यंत वायर नेलेली आहे का, ते स्वतः मागे उभे राहून पाहावे. पहिल्याचा दिवा लागला म्हणून दुसऱ्याचा लागतो असे नाही, आणि ठोकर बसते ती दुसऱ्यालाच. माल भरून झाल्यावर लोंबणारे वाढे विळ्याने छाटून नंबर आणि दिवे उघडे करायला पाच मिनिटे लागतात.

वाटेत टायर फुटला किंवा हुकाची पिन तुटली, तर ट्रेलर शक्य तितका रस्त्याच्या कडेला, खाली घ्या. मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा. झाडाची डहाळी अंधारात दिसत नाही. आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका.